जेरोमचे पिंप

एकदा एक वृद्ध द्राक्षबागायतदार फ्रान्सच्या दक्षिणेला, जिथे डोंगर समुद्राकडे उतरू लागतात, तिथल्या एका लहान गावात राहत असे. त्याची बाग त्याच्या आजोबांनी लावलेली होती. मांडव नाही, तारा नाहीत. गुडघ्याएवढे पिळवटलेले बुंधे दगडगोट्यांत उभे. नव्या वेलीला जिथे दहा घोस लागतात तिथे या वेलींना दोन-तीन लागत. पण वेलीचे सगळे बळ त्या दोन-तीन घोसांत उतरलेले असे आणि त्यांची वाइन वीस-वीस वर्षे टिकत असे. गावातले लहानथोर सगळे त्या वृद्धाला ‘बाबा’ म्हणत.

आपल्यापैकी अनेकांनी वाइन चाखलेली नसेल. हरकत नाही. लोणच्याची बरणी सगळ्यांनी पाहिलेली आहे, तेवढी ओळख पुरे. फोडी तेलाखाली असतात तोवर लोणचे टिकते. तेल खाली गेले, एखादी फोड उघडी पडली, की तिथून बुरशी धरते. लाकडी पिंपातल्या वाइनचेही तसेच आहे. पिंप बुचापर्यंत भरलेले हवे. पण लाकडाला छिद्रे असतात, आणि दर आठवड्याला पेला-दोन पेले वाइन त्यातून हवेत निघून जाते. म्हणून त्या गावात शनिवार सकाळचा एक नेम आहे. प्रत्येक घरातले कुणीतरी हातात झारी घेऊन तळघरात उतरते, एकेका पिंपाचे बूच काढते, जेवढे उणे झाले असेल तेवढे भरते आणि बूच परत लावते. हे फार मोठे काम आहे असे कुणी समजत नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावला जातो, तसे ते होऊन जाते.

बाबांचा जेरोम नावाचा एक शिष्य होता. पंचवीस वर्षे त्यांच्याकडे राबून शिकला आणि मग गावाबाहेरच्या उतारावर त्याने एक जुनी, टाकून दिलेली बाग घेतली. तिथल्या तीन जातींच्या द्राक्षांची तो वेगवेगळी वाइन करी. एक काळीभोर आणि आंबट, तोंड आवळणारी. दुसरी मऊ, गोडसर. तिसरी मिऱ्यासारखी तिखट. फेब्रुवारीत या तिन्ही एकत्र करून तो एक पिंप भरत असे. कोणती किती घ्यायची याचा त्याच्याकडे कागद नव्हता. पाक साधणाऱ्या बाईला तार कधी धरते ते जसे हाताला कळते, तसे त्याला कळे.

एका वर्षी फेब्रुवारीत त्याने पिंप भरले. मार्चमध्ये बागेत छाटलेल्या काड्या जाळताना थकवा वाटला म्हणून तो बांधावर बसला, तो परत उठला नाही.

त्याची बायको गावच्या शाळेत शिकवत होती. द्राक्षाच्या कामाशी तिचा संबंध जेवणाच्या टेबलापुरता. एप्रिलमध्ये ती बाबांच्या दारात उभी राहिली.

“मला शिकवा,” ती म्हणाली.

“काय शिकवू?”

“ते पिंप सांभाळायला.”

बाबांनी तिच्याकडे पाहिले. “पिंप सांभाळायला मी शिकवत नाही. वाइन करायला शिकवतो. यायचं असेल तर सोमवारी शाळा सुटल्यावर ये. जुने बूट घालून.”

अशी ती त्यांची शिष्या झाली. शाळेतली असल्यामुळे बाबा तिला थट्टेने ‘बाई’ म्हणत आणि थट्टेनेच ‘तुम्ही’ म्हणत. ती वही घेऊन यायची आणि प्रत्येक गोष्ट टिपून घ्यायची.

“बाई, वहीत चव लिहिली की जिभेला सुट्टी मिळते,” बाबा म्हणत.

“विसरले तर?”

“विसरलात तर परत चाखा. यापेक्षा बरी शिक्षा तुमच्या शाळेत आहे का?”

चाखायला शिकवताना ते आधी पिऊ देत नसत. पेला हातात देत, गोल फिरवायला लावत आणि वास घ्यायला सांगत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, “काय आलं?”

“लाल फळं,” ती म्हणाली. “थोडी मसाल्याची झाक.”

“हे पुस्तकातलं झालं. तुमच्या नाकाला काय आलं?”

ती संकोचली. मग म्हणाली, “सुट्टीनंतर वर्गातलं कपाट उघडलं की येतो ना, तसा वास.”

बाबा समाधानाने हसले. “आता खरं बोललात. ते लाकूड आहे. फळ त्याच्या मागे उभं आहे, लाजतंय. त्याला वेळ द्या.”

असे ते शिकवत. वाइनचा पहिला वास तिच्याविषयी फारसे काही सांगत नाही, पेल्यात अर्धा तास राहिल्यावर ती बोलू लागते. जुन्या वेलींची वाइन कोवळेपणी कडवट असते, तिच्यावर रागावू नये. त्या डोंगरावर ओव्याच्या वासाचे एक झुडूप माजलेले असते, आणि कुणी काही न करताही तो वास द्राक्षात उतरतो. ती ऐके, टिपून घेई, हळूहळू टिपणे कमी झाले.

शनिवारी मात्र ती कुणाला बरोबर घेत नसे. जेरोमने पिंप भरताना त्याच मिश्रणाची एक मोठी काचेची बुधली बाजूला ठेवली होती, आठवड्याची तूट भरून काढण्यासाठी. ती झारीत त्यातले थोडे घेई, पिंप भरी, आणि खाली बसून राही. त्याच्या हाताने झालेली शेवटची गोष्ट त्या लाकडात होती. बाकी घरात त्याचे कपडे होते, चष्मा होता. पण त्या वस्तू तो असतानाच झालेल्या होत्या, पुढे त्यांचे काही होणार नव्हते. पिंपातली वाइन मात्र अजून मुरत होती. जेरोमचे एक काम अजून चालू आहे, असे तिला वाटे.

जुलैमध्ये शहरातून एक व्यापारी आला. दहा वर्षे तो जेरोमची वाइन नेत असे. धिप्पाड आणि गप्पिष्ट, जेवणाचा शौकीन. तिच्या स्वयंपाकघरात बसून त्याने वाटीभर ऑलिव्ह संपवली आणि बिया ओळीने ताटलीत मांडल्या. मग म्हणाला, “वहिनी, माझ्या मनात एक आहे. नोव्हेंबरअखेर मी येतो. ते पिंप मला द्या. तीनशे बाटल्या होतील. प्रत्येकीवर लिहू, ‘जेरोमची शेवटची वाइन’.”

तिने बियांची ताटली बाजूला सारली.

“लोक जपून ठेवतील. वीस वर्षांनी उघडतील. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही ते त्याचं नाव घेतील. अट एकच. आत दुसरं काही पडता कामा नये. निव्वळ त्याची हवी. नाहीतर ते लिहिण्यात अर्थ नाही.”

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. जेरोमविषयी त्याला खरोखर प्रेम होते. आणि त्याचे म्हणणे तिच्या मनात खोल जाऊन बसले. त्या दिवसापर्यंत जेरोमचे नाव फक्त दफनभूमीतल्या दगडावर होते. आता ते तीनशे टेबलांवर जाणार होते, अट पाळली तर.

त्या वर्षी उन्हाळ्यात कोरडा वारा फार सुटला आणि पिंपे नेहमीपेक्षा जास्त उणी झाली. ऑगस्टच्या एका शनिवारी तिने बुधली झारीत पालथी केली आणि चार थेंब पडले. ती बराच वेळ रिकामी झारी धरून उभी राहिली. काय घालावे? बाबांच्या तळघरात चांगली वाइन होती, मागितली असती तर त्यांनी दिली असती. पण ती जेरोमची नव्हती. तिने पिंपात काहीच घातले नाही. बूच लावले आणि हातोडीने घट्ट ठोकले.

सोमवारी बाबांनी नेहमीप्रमाणे विचारले, “बाई, पिंप भरलं?”

“भरलं,” ती म्हणाली.

पुढच्या सोमवारीही तेच. पण रविवारी चर्चमधून आल्यावर ती तळघरात उतरे, ठोकलेले बूच हलवून हलवून काढी, आणि वाकून वास घेई. क्षणभरच. मग पुन्हा ठोकून लावी. भरण्यासाठी ती ते उघडत नव्हती, भेटण्यासाठी उघडत होती. दर भेटीला थोडी हवा आत जात होती, हे तिला वाइन शिकत असूनही सुचले नाही. दुःखात माणूस शिकलेले विसरतो असे नव्हे. ते आपल्याला लागू आहे, हे विसरतो.

सप्टेंबरात द्राक्षे उतरली. जेरोमच्या बागेतली ती तिने स्वतः तोडली, बाबांच्या सांगण्यावरून स्वतः तुडवली, आंबवली. ऑक्टोबर सरता सरता तिची पहिली वाइन तिच्या तळघरातल्या एका लहान टाकीत निवळली. त्यातली बाटलीभर ती बाबांच्या घरी घेऊन गेली. बाबांनी चाखली.

“कशी आहे?” तिने विचारले.

“उद्धट आहे. पहिल्या बाकावरच्या मुलासारखी, न विचारता उत्तर देते. पण स्वच्छ आहे. खोटं बोलत नाही.” थांबून ते म्हणाले, “आता ते पिंप बघू. शेठ यायच्या आधी चाखून ठेवलेलं बरं.”

“उघडायला नको बाबा. मुरू दे की.”

“चाखल्याने मुरायचं थांबत नाही.”

“शेठ आल्यावरच उघडू.”

बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी काठी घेतली आणि ते तिच्या घराकडे चालू लागले. तिला मागोमाग जावेच लागले. तळघरात त्यांनी पिंपाच्या पोटावर बोटाच्या पेराने टिचकी मारली. खाली आवाज भरीव आला. वर आणली, अजून वर आणली. बुचाच्या जवळ आवाज पोकळ झाला. त्यांनी दोनदा ऐकून खात्री केली, मग बूच काढले आणि आत मेणबत्ती धरून पाहिले. तापवून निवलेल्या दुधावर येते तशी पातळ पांढरी साय वाइनवर धरली होती. ताज्या वार्निशसारखा एक टोचरा वास वर आला.

बाबांनी मेणबत्ती बाजूला ठेवली. त्यांनी झारी उचलली, तिच्या नव्या वाइनच्या टाकीजवळ गेले आणि ती काठोकाठ भरून आणली. खुंटीवरचे लांब नळीचे नरसाळे घेतले. नळीचे टोक सायीच्या खाली जाईल इतके ते बुचाच्या भोकातून आत सरकवले, आणि ओतायला लागले.

“बाबा, काय करताय?”

ते ओतत राहिले.

“थांबा. बाबा, थांबा. ती माझी आहे. ती नवी आहे.”

झारी संपली. ते दुसरी भरून आणायला गेले. ती त्यांच्या वाटेत उभी राहिली, तेव्हा ते बाजूने गेले. दुसरी झारी ओतली. तिसरी अर्धी ओतली तेव्हा पांढरी साय वर येऊन भोकाच्या तोंडाशी दाटली. उरलेली त्यांनी हळू धारेने सोडली. साय भोकातून बाहेर आली, पिंपाच्या पोटावरून ओघळली. सगळी निघून स्वच्छ लाल वाइन काठाशी दिसेपर्यंत ते ओतत राहिले. मग त्यांनी फडक्याने पिंप पुसले आणि तळव्याने दाबून बूच लावले.

ती पायरीवर बसली होती.

“नासवलंत तुम्ही,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “एवढं एकच होतं. त्यात फक्त तो होता.”

बाबांनी उलटी ठेवलेली एक टोपली ओढली आणि तिच्यासमोर बसले. थट्टा त्यांच्या आवाजातून गेली होती.

“पोरी, त्यात फक्त तो कधीच नव्हता. फेब्रुवारीत पिंप भरताना दोन झाऱ्या कमी पडल्या. त्या त्याने माझ्याकडून नेल्या. पहिल्या पंधरवड्यात नव्या लाकडाने फार वाइन प्यायली, तेव्हा बुधली फोडायला नको म्हणून समोरच्या विधवेकडून एक तांब्या आणला. तिच्याकडे कमी पडली की ती त्याच्याकडून न्यायची.”

आपल्याकडे शेजारच्या घरातून विरजण आणतात. ते आणले म्हणून घरचे दही शेजाऱ्यांचे होत नाही, आणि ते सांगण्यासारखे आहे असेही कुणाला वाटत नाही. तसेच तिथेही होते. म्हणून जेरोमने तिला सांगितले नव्हते.

“मला ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली.

“ठाऊक असण्यासारखं काही नव्हतंच. आता नीट ऐक. दर आठवड्याला पेला-दोन पेले जातात. जेरोम गेला म्हणून ते जात नाहीत. तो होता तेव्हाही जात होते. तो दर शनिवारी भरत होता, म्हणून तुला दिसलं नाही. ऑगस्टपासून तू काही मिसळलं नाहीस असं तुला वाटतं. मिसळलंस. हवा मिसळलीस. पिंपातली जागा कुणासाठी राखून ठेवता येत नाही. तू भरली नाहीस तर दुसरं काहीतरी येऊन भरतं, आणि ते काय असावं हे मग आपल्या हातात राहत नाही.”

तिने फडके उचलून त्याची घडी घातली.

“दर आठवड्याला माझी घालत राहिले,” ती शेवटी म्हणाली, “तर एक दिवस त्यात त्याचं काही उरणार नाही.”

“आत माझ्या दोन झाऱ्या आहेत. शोधून दाखव. गेले सात महिने तू त्या पिंपाशी बसतेयस, वास घेतेयस. तुला मी सापडलो?”

तिने मान हलवली.

“कारण त्याच्या वाइनने त्यांना आपल्यात घेतलं. जुनी वाइन नवीला वळण लावते. नवी तिला श्वास देते. त्यातलं कुठलंही काम दुसरीला जमत नाही.” ते उठू लागले आणि गुडघा धरून पुन्हा बसले. “तुझी झारी ऑगस्टपासून कोरडी आहे, हे मी पाहत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तीनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेलो. चुकलं माझं.” त्यांनी काठीने फरशीवरचा एक खडा बाजूला सारला. “माझी बायको गेली त्या वर्षी मीही एक पिंप असंच ठोकून ठेवलं होतं. द्राक्षं तिने तोडली होती. दीड वर्षाने उघडलं. व्हिनेगर झालं होतं. टाकवेना, म्हणून चार वर्षं कोशिंबिरीवर घालून खाल्लं. व्हिनेगर चांगलं होतं, नाही असं नाही.”

तिला नको असताना हसू आले, आणि लगेच डोळे भरले. बाबा तोंड फिरवून पिंपाकडे बघत राहिले.

“हे वाचेल?” तिने विचारले.

“सांगता येत नाही. कदाचित उशीर झाला असेल. शनिवारी भर. त्याच्या पुढच्या शनिवारी भर. वाचलं तर तिसऱ्या शनिवारपर्यंत कळेल.”

पहिल्या शनिवारी तिने बूच काढले तेव्हा वार्निशचा वास तसाच होता. काठापासून दोन बोटे उणे होते. तिने आपली वाइन झारीत घेतली. हात थांबला. मग तिने ओतले. दुसऱ्या शनिवारी सायीचा एक ठिपका दिसला. तिने काठाबाहेर सांडेपर्यंत भरून तो काढून टाकला. वास कमी होता की सवय झाली होती, हे तिला ठरवता येईना. रविवारी ती खाली गेली नाही. तिसऱ्या शनिवारी सकाळी व्यापारी आला आणि बाबाही आले.

व्यापाऱ्याने काचेची नळी बुचाच्या भोकातून आत सोडली, वरचे टोक अंगठ्याने बंद करून नळी बाहेर काढली, आणि तीन पेल्यांत थोडी थोडी वाइन सोडली. तो बोलायचा थांबला, हीच चाखणे सुरू झाल्याची खूण होती. त्याने पेला फिरवला, वास घेतला, ठेवून दिला. पंधरा मिनिटे त्याने शहरातल्या हवेविषयी तक्रार केली. मग पेला पुन्हा उचलला आणि घोट तोंडात घोळवून बाजूच्या बादलीत थुंकला. दुसरा घोट त्याने गिळला.

तिने आपला पेला नाकाशी नेला. आधी लाकूड आले. मग पिकल्या जांभळासारखे काहीतरी गडद, आणि त्याच्या कडेने डोंगरावरचा तो ओव्यासारखा वास. वार्निश नव्हते. अगदी शेवटी, गिळल्यानंतर, जिभेच्या टोकाला काहीतरी बारीक टोचले, आणि गेले.

“जेरोमच आहे,” व्यापारी म्हणाला. “मिरं बघा कसं मागून येतं. हे दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.” मग त्याने भुवया आवळल्या. “पण एक टोक आहे यात. वहिनी, उन्हाळ्यात काही झालं होतं का?”

बाबा छताकडे पाहत होते. सांगायचे की नाही, हे तिचे तिला ठरवायचे होते. न सांगितले तर तीनशे बाटल्यांवर जेरोमचे नाव लागत होते.

“झालं होतं,” ती म्हणाली, आणि तिने सगळे सांगितले. ठोकलेले बूच, खोटे बोललेले सोमवार, साय, आपल्या नव्या वाइनच्या झाऱ्या. फेब्रुवारीतल्या बाबांच्या दोन झाऱ्या आणि समोरच्या घरातला तांब्याही सांगितला.

व्यापाऱ्याने पेला पिंपावर ठेवला. त्याचा चेहरा पडला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “दोनशे पंचवीस लिटरांत दहा-बारा लिटर. कुणाला कळणार आहे? मी ठरलं तेच लिहितो. जेरोमसाठीच करतोय मी हे.”

“ते मला माहीत आहे. पण लिहू नका.”

“तुम्हाला त्याचं नाव नको बाटलीवर?”

“नाव लिहा. ‘शेवटची’ लिहू नका. शेवटची नाहीये ही.”

“म्हणजे?”

“आज बाटल्यांत भरली तर शेवटची होईल. अजून कडक आहे. बाबा म्हणतात आणखी दोन हिवाळे जाऊ द्यावेत, आणि मलाही तसंच वाटतं. तोवर मी भरत राहीन. मग या. जे असेल ते चाखा, आणि त्याच्याबरोबर माझं नाव लिहायचं की नाही ते तेव्हा ठरवा.”

व्यापारी बाबांकडे वळला. “काय हो, शिष्येला हे शिकवलंत?”

“मी वाइन शिकवली,” बाबा म्हणाले. “हट्ट तिने घरून आणला.”

व्यापारी हसला, मग गंभीर झाला, आणि पेल्यात उरलेली वाइन त्याने सावकाश संपवली. जाताना दारात थांबून म्हणाला, “दोन हिवाळ्यांनी येतो. ऑलिव्ह ठेवा.”

तो गेल्यावर तिने पिंपाच्या भोकातून आत पाहिले. आठवड्याभराची तूट होती, आणि आज तिघांनी चाखल्याची. बाबांनी झारी पुढे केली. तिने ती घेतली, भरून आणली, आणि वाइन काठाला लागेपर्यंत ओतली. तिचा हात या वेळी थांबला नाही.

“पुढच्या शनिवारी मी येऊ का?” बाबांनी विचारले.

“नको,” ती म्हणाली. “जमेल मला.”

ज्यांच्या घरी असे एखादे पिंप आहे त्यांनी ते ठोकून ठेवू नये. दर आठवड्याला थोडे उणे होणारच, तेवढे चालू दिवसातले त्यात घालावे.